बायपासचा धोका ३ टक्के, ७ टक्के की ११ टक्के? एकाच पेशंटचे तीन आकडे कसे येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६८, वजन ५२ किलो. मधुमेह जुना, घरी इन्शुलिन चालू. तीन आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. आता धाप लागून पुन्हा दाखल केले आहे आणि ऑपरेशन झाल्याशिवाय घरी सोडता येणार नाही असे सांगितले आहे. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही नळ्यांत मोठे अडथळे. इकोवर ईएफ (हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात आतले किती टक्के रक्त बाहेर फेकतो तो आकडा) ३५, मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन १.२, हिमोग्लोबिन १०. पहिल्या सर्जननी धोका ३ टक्के सांगितला, दुसऱ्यांनी ७ आणि तिसऱ्या मतासाठी पाठवलेल्या फाइलवर ११ लिहून आले. खरे कुणाचे धरायचे?

तिघांनीही बहुधा एकच कॅल्क्युलेटर वापरला आहे आणि गणितात कुणाचेच चुकलेले नाही. फरक आहे तो आत काय भरले त्यात. वर दिलेल्या माहितीवरून माझे उत्तर ७ च्या बाजूने आहे. ३ आणि ११ कुठून आले हे समजले की धोका मोजतात कसा हेही समजेल. पण आईंच्या बाबतीत खरी काळजी करायच्या दोन-तीन गोष्टी या आकड्यात धरलेल्याच नाहीत. त्याही पुढे लिहितो.

आपल्याकडे हृदयाच्या ऑपरेशनआधी सर्वांत जास्त वापरला जाणारा धोक्याचा कॅल्क्युलेटर म्हणजे युरोस्कोअर २. मूळ युरोस्कोअर १९९९ चा. तो पुढे पुढे धोका फुगवून सांगू लागला, कारण ऑपरेशने आणि नंतरची आयसीयूतली काळजी सुधारत गेली. म्हणून २०१० मध्ये ४३ देशांतल्या २२ हजारांवर पेशंटची माहिती नव्याने गोळा केली आणि २०१२ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात १८ बाबी भरायच्या असतात: दहा पेशंटच्या, पाच हृदयाच्या, तीन ऑपरेशनच्या. उत्तर एकच मिळते, ऑपरेशननंतर त्याच हॉस्पिटलात मृत्यू होण्याची शक्यता. साठीच्या आतला, दुसरे काही आजार नसलेला पुरुष ठरवून फक्त बायपाससाठी आला, तर हा आकडा ०.५ टक्के येतो. याहून खाली तो जातच नाही. जुन्या आवृत्तीचा दुवा अजूनही काही ठिकाणी वापरात दिसतो, त्यामुळे आकडा कुठल्या आवृत्तीचा आहे हे आधी विचारून घ्या.

आता आईंच्या बाबी एकेक भरू. वय ६८, स्त्री, इन्शुलिनवरचा मधुमेह, ९० दिवसांच्या आतला अटॅक, थोड्या हालचालीने धाप म्हणजे धापेच्या चार श्रेण्यांतली तिसरी, ईएफ ३५ म्हणजे ३१ ते ५० चा मधला गट, याच मुक्कामात ऑपरेशन म्हणजे 'अर्जंट', आणि ऑपरेशन फक्त बायपास. एवढे भरले की ३.२ टक्के येतात. पहिल्या सर्जनचा आकडा हाच. त्यांनी मूत्रपिंडाच्या रकान्यात 'नॉर्मल' भरले असावे, कारण क्रिएटिनिन १.२ हे लॅबच्या कागदावर ठळक अक्षरात येत नाही.

इथेच गोम आहे. युरोस्कोअर २ ला क्रिएटिनिन नको असते, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करते तो अंदाज) हवा असतो, तोही कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. आईंचे १४० वजा ६८ म्हणजे ७२. गुणिले ५२, गुणिले ०.८५, भागिले ८६.४. उत्तर ३६.८ मिलिलिटर प्रतिमिनिट. युरोस्कोअर २ मध्ये ८५ च्या वर नॉर्मल, ५० ते ८५ मध्यम बिघाड, ५० च्या खाली तीव्र बिघाड. म्हणजे ज्या क्रिएटिनिनकडे कुणी दोनदा पाहणार नाही, त्याच क्रिएटिनिनवर आई सरळ तीव्र गटात जातात. तेवढा एक रकाना बदलला की ३.२ चे ७.२ होतात. दुसऱ्या सर्जनचा आकडा हा.

अंगाने बारीक, वयस्कर बाईच्या शरीरात स्नायूच कमी. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे मूत्रपिंड निम्म्यावर आले तरी रक्तातला आकडा सभ्य दिसत राहतो. आपल्याकडच्या पेशंटमध्ये सगळ्यात जास्त वेळा चुकणारा रकाना हाच, असे मी म्हणेन. लॅब हल्ली सोबत ईजीएफआर छापते, तोही मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाजच, पण ते वेगळे सूत्र आहे आणि सरासरी आकाराच्या शरीराला लावून दिलेले असते. आईंचे ते ४९ च्या आसपास येईल. स्कोअर भरताना ते वापरू नये. रिपोर्ट आखातातून आला असेल तर एकक पाहा. तिकडे क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये देतात आणि आपले १.२ तिकडे १०६ होते. मिलिग्रॅमला ८८.४ ने गुणले की मायक्रोमोल.

याच रकान्यातली दुसरी चूक म्हणजे अँजिओग्राफीच्या आधीचे क्रिएटिनिन भरणे. अँजिओग्राफीचे रंगद्रव्य मूत्रपिंडाला इजा करू शकते आणि त्यामुळे वाढणारे क्रिएटिनिन दिसायला दोन-तीन दिवस लागतात. अँजिओग्राफी सोमवारी, ऑपरेशन बुधवारी आणि फाइलला रिपोर्ट शनिवारचा, असे सर्रास होते. म्हणून अँजिओग्राफीनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा करावे आणि स्कोअरमध्ये तेच घालावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, हेही त्याच वेळी विचारावे. बहुतेक जण आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते.

मग ११ कुठून आले? ईएफमधून. युरोस्कोअर २ ईएफचे चार गट करतो: ५० च्या वर चांगला, ३१ ते ५० मध्यम, २१ ते ३० खराब, २० आणि खाली अतिखराब. इकोच्या रिपोर्टवर पुष्कळदा '३० ते ३५ टक्के' असे लिहिलेले असते. ३५ धरले तर मध्यम, ३० धरले तर खराब. आईंच्या बाबतीत एवढ्याने ७.२ चे ११.३ होतात. पडद्यावर डोळ्यांनी अंदाज घेऊन ईएफ सांगताना दोन तज्ज्ञांत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि इथे तर ३० आणि ३१ या दोन आकड्यांच्या मधूनच सीमा जाते. म्हणून ईएफ सीमेवर असेल तेव्हा अंदाजावर भागवू नये. दोन कोनांतून, सिम्पसनच्या पद्धतीने मोजून घ्यावा. इको कोणत्या दिवशीचा तेही पाहावे. अटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुन्न झालेला स्नायू हालत नाही, दोन-तीन आठवड्यांत त्यातला काही भाग परत काम करू लागतो. अटॅकच्या रात्रीचा इको घेऊन आज स्कोअर काढण्यात अर्थ नाही.

झडपेच्या पेशंटमध्ये ईएफ उलट्या बाजूने फसवतो. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) जोरात गळत असेल तर हृदयाला अर्धे रक्त कमी दाबाच्या कप्प्यात मागे ढकलायचे असते, ते सोपे काम आहे. त्यामुळे ईएफ ५५ दिसतो आणि स्कोअर त्याला 'चांगला' म्हणतो. प्रत्यक्षात अशा झडपेत ६० च्या खालचा ईएफ म्हणजे स्नायू थकू लागल्याची खूण आहे.

बाकीचे रकाने

हे भरभर सांगतो, पण प्रत्येकात एखादी मेख आहे.

'हृदयाबाहेरच्या धमन्यांचा आजार' हा रकाना रिकामा सोडला जातो, कारण कुणी पायांकडे बघत नाही. चालताना पोटरी धरून येते का, मानेच्या धमनीत ५० टक्क्यांवर अडथळा आहे का, रक्तपुरवठा बंद पडल्याने बोट किंवा पाय कापावा लागला आहे का, यातले काहीही असेल तर 'हो'. आईंच्या बाबतीत 'हो' झाले तर आकडा ७.२ वरून ११.७ वर जातो. जुन्या मधुमेहात हे दुर्मीळ नाही. दोन्ही पावलांवरच्या नाड्या बोटांनी तपासायला मिनिटभर पुरतो.

'हालचाल मर्यादित' याचा अर्थ सांधे, हाडे किंवा मज्जासंस्थेच्या आजारामुळे हिंडणे-फिरणे फार अडलेले असणे. धाप लागते म्हणून चालता येत नाही, ते इथे धरायचे नाही, त्याची श्रेणी वेगळी भरलेली असते. 'फुफ्फुसाचा जुनाट आजार' म्हणजे त्यासाठी श्वासनलिका मोकळी करणारी औषधे किंवा स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असणे. या व्याख्येत आपल्याकडची एक मोठी संख्या निसटते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईने विडी ओढलेली नसते, पंप कधी घेतलेला नसतो, पण यंत्रात फुंकून पाहिले तर फुफ्फुसांची ताकद अर्धी. तिचा रकाना 'नाही' भरला जातो आणि ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर सुटत नाही.

इन्शुलिन म्हणजे घरी चालू असलेले धरावे. दाखल असताना तात्पुरते दिलेले मोजू नये असे माझे मत. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब इकोवरून येतो. तो ४२ निघाला तर आईंचे ७.२ चे ८.५ होतील. 'अर्जंट' म्हणजे या मुक्कामातच करावे लागणारे, 'इमर्जन्सी' म्हणजे निर्णयानंतर पुढचा कामाचा दिवस उजाडायच्या आत करावे लागणारे. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द सरमिसळ वापरले जातात, फॉर्ममध्ये तसे चालत नाही.

थांबायचे की नाही

स्कोअर एकदा कळला की घरच्यांच्या मनात हमखास येणारा विचार: तीन महिने थांबलो, अटॅक ९० दिवसांपलीकडे गेला, तब्येत सुधारून घरून चालत आलो, तर? आकडेमोड करून पाहिली तर ३.९ टक्के येतात. मोह पडावा असाच आकडा आहे. पण हा ३.९ त्यांना लागू आहे जे ते तीन महिने धडपणे पार करून आले. वाटेत ज्यांना दुसरा अटॅक आला ते त्या गणितात नाहीत. उलट बाजूही पाहा. थांबलेल्या काळात आईंचा रक्तदाब ढासळला, हृदयाला आधार देणारा फुगा महाधमनीत टाकावा लागला आणि त्याच रात्री ऑपरेशनला न्यावे लागले, तर हाच स्कोअर २५ टक्क्यांच्या वर जातो. घरी सोडता येत नाही अशा पेशंटला आकडा सुधारण्यासाठी थांबवू नये. थांबावे ते ठरावीक कारणासाठी आणि मोजक्या दिवसांसाठी: रक्त पातळ करणारी गोळी अंगातून उतरण्यासाठी, क्रिएटिनिन खाली येण्यासाठी, फुफ्फुसातले पाणी काढण्यासाठी, ताप असेल तर त्याचे कारण सापडण्यासाठी.

गोळ्यांचे दिवस असे. ॲस्पिरिन चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद, टिकाग्रेलॉर तीन ते पाच, प्रासुग्रेल सात. अटॅकनंतर यातली एक गोळी ॲस्पिरिनसोबत जवळजवळ प्रत्येकाला चालू असते, आणि ती कुठली व शेवटची कधी घेतली हे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल तर ऑपरेशनच्या दिवशी रक्तस्राव आवरत नाही. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तीन दिवस आधी बंद करावे. ते चालू राहिले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते, आणि साखर बरी दिसत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. हल्ली या गोळ्या हृदयासाठीही दिल्या जातात, त्यामुळे 'मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या' म्हटले तरी ही एखाद्या एकत्रित गोळीत शिल्लक राहते. रक्तदाबाच्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गटातल्या गोळ्या आदल्या दिवशी थांबवतात, ठोके हळू करणारे बीटा ब्लॉकर आणि कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन थांबवत नाहीत.

आकड्यात नसलेले

आता मला जास्त महत्त्वाचे वाटते ते. युरोस्कोअर २ मध्ये हिमोग्लोबिनचा रकाना नाही. आईंचे १० आहे, वजन ५२. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेतले तर काय होईल ते मांडून पाहू. स्त्रीच्या शरीरात किलोमागे साधारण ६५ मिलिलिटर रक्त, म्हणजे ३,३८० मिलिलिटर. हिमोग्लोबिन १० म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) ३० च्या आसपास. मशीनच्या नळ्या भरायला समजा १,४०० मिलिलिटर द्रव लागला. ३० गुणिले ३,३८०, भागिले ४,७८०, उत्तर २१.२. पातळ वरणात आणखी पाणी ओतावे तसे. भूल देताना सलाइन गेले असेल तर याच्याही खाली. २१-२२ च्या खाली गेले की मूत्रपिंडाला प्राणवायू अपुरा पडू लागतो, आणि या बाईंचे मूत्रपिंड आधीच ३७ वर आहे. म्हणजे दोन कमकुवत बाजू एकमेकींवर येऊन पडतात, आणि स्कोअरला त्यातली एकच दिसते. तेच हिमोग्लोबिन ८० किलोच्या पुरुषात असते तर त्याच मशीनवर २४ च्या आसपास राहिले असते.

यावर उपाय आहेत, पण आधी ठरवावे लागतात. मशीनशिवाय धडधडत्या हृदयावर बायपास करणे हा एक. भारतात ती पद्धत चांगलीच रुळली आहे. मात्र ईएफ ३५ आणि हृदय फुगलेले असेल तर हृदय उचलताना दाब पडून घाईने मशीनवर जाण्याची वेळ येऊ शकते, आणि अशी घाईची बदली फार महाग पडते. मशीन वापरायचेच असेल तर नळ्या आखूड ठेवणे, भरलेल्या द्रवाचा काही भाग पेशंटच्याच रक्ताने मागे ढकलून काढणे, सांडलेले रक्त धुऊन परत देणारे सेल सेव्हर मशीन तयार ठेवणे, रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झामिक ॲसिड देणे. शिरेतून लोह दिले तर परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. ठरवून करायच्या ऑपरेशनमध्ये ते पहिल्या भेटीतच सुरू करायला हवे. आईंच्या बाबतीत तेवढा वेळ नाही, पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहून दिले तर नंतरच्या सुधारणेत कामी येते. हिमोग्लोबिन १० का, हेही विचारायला हवे. ॲस्पिरिन आणि वेदनाशामकाने जठरातून रक्त जात असेल तर ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिल्यावर ते उघडे पडेल.

हिमोग्लोबिनच्याच ओघात: पेशंट नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर किंवा विदर्भाच्या इतर भागांतला असेल तर सिकलसेलची चाचणी केल्याशिवाय मशीनवर घेऊ नये. साधी विद्राव्यता चाचणी आधी, ती सकारात्मक आली तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी. थंड शरीर, आम्ल वाढलेले रक्त आणि कमी प्राणवायू या तिन्ही गोष्टी मशीनवर होऊ शकतात आणि तिन्हींनी पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आजार पूर्ण स्वरूपात असेल तर आधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली आणतात. नुसता वाहक असेल तर शरीर फार थंड न करता काम भागते, पण माहीत असावे लागते.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे महाधमनीची भिंत. बायपासमध्ये वर जाणाऱ्या महाधमनीला चिमटा लावतात, नव्या जोडनळ्या तिच्यावर शिवतात. भिंतीत कॅल्शियमचे थर असतील तर त्याचा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. छातीच्या एक्स-रेत किंवा अँजिओग्राफीच्या चित्रात धमनीची कडा पांढरी दिसत असेल, किंवा वय सत्तरीकडे झुकलेले असेल, तर रंगद्रव्याशिवायचा छातीचा सीटी स्कॅन करावा. त्याने मूत्रपिंडावर ताण येत नाही. धमनी चिनीमातीच्या भांड्यासारखी टणक निघाली तर ऑपरेशनचा आराखडाच बदलतो. तिला हात न लावता छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या वापरून काम करायचे. आणि इन्शुलिनवरच्या बाईमध्ये दोन्ही धमन्या काढल्या की छातीचे हाड न सांधण्याचा, तिथे जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. पर्याय निवडताना असाच एक धोका दुसऱ्याशी तोलावा लागतो. मानेच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आईंचा नक्की करावा: वय ६५ च्या वर, मधुमेह, तिन्ही नळ्या.

नळ्या किती टक्के बंद यावर सगळे बोलतात, पण अडथळ्याच्या पुढे नळी कशी आहे यावर ऑपरेशन अवलंबून असते. जुन्या मधुमेहात ती शेवटपर्यंत बारीक आणि खडबडीत होते. दीड मिलिमीटरच्या आतल्या नळीला जोड देणे अवघड आणि तो टिकणेही अवघड. हे कुठल्याच स्कोअरमध्ये नाही. म्हणून दुसरे मत घेताना अँजिओग्राफीचा छापील रिपोर्ट पुरत नाही, सीडी न्यावी. सिन्टॅक्स स्कोअर नावाचा आकडा कुणी सांगितला तर तो अडथळ्यांच्या गुंतागुंतीचा आहे, ऑपरेशनच्या धोक्याचा नाही. तो ३३ च्या वर म्हणजे स्टेंटपेक्षा बायपास बरी, असा त्याचा साधारण उपयोग.

अंगातली ताकद. पाच मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सहा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर ऑपरेशननंतरची गुंतागुंत लक्षणीय वाढते. तीनदा चालवून सरासरी घेतात. ज्यांना बसल्या जागी छातीत दुखते किंवा डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा आहे, त्यांना मात्र हे करायला लावू नये. त्यांच्याबाबत घरच्यांना विचारावे: आजाराच्या आधीच्या महिन्यात दळण आणत होत्या का, आंघोळ स्वतः करत होत्या का, खुर्चीतून हात न टेकता उठत होत्या का, सहा महिन्यांत वजन किती उतरले. रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन ३.५ च्या खाली असेल तर जखमा भरायला वेळ लागतो. हे सगळे आयसीयूत किती दिवस जातील ते सांगते.

फुफ्फुसांची फुंकून तपासणी ठरवून करायच्या प्रत्येक पेशंटमध्ये करावी असे मला वाटते. आईंना झोपता येत नसेल इतकी धाप असेल तर त्या दिवशी तिचा उपयोग नाही, आधी पाणी काढावे. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर डाव्या बाजूला फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असू शकते. डावी आतली धमनी काढताना तिथे रक्तस्राव होतो, हे सर्जनला आधी कळलेले बरे. तीन चेंडूंचे श्वासाच्या व्यायामाचे यंत्र ऑपरेशननंतर हातात देण्यापेक्षा आजच द्यावे. दुखत नसताना शिकलेले दुखताना जमते.

यकृताचे थोडक्यात. सिऱ्हॉसिस असेल तर युरोस्कोअर जवळजवळ निरुपयोगी. यकृत किती बिघडले हे सांगणाऱ्या चाइल्ड वर्गीकरणात 'ए' असेल तर विचार करता येतो, 'बी' ला धोका कित्येक पटींनी वाढतो, 'सी' ला सहसा नाही म्हणावे लागते. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेल्या आपल्याकडच्या तरुण बायकांमध्येही स्कोअर असाच गोड बोलतो. वय ३२, म्हणून आकडा दीड-दोन टक्के, पण उजवे हृदय थकलेले, पाय सुजलेले, बिलिरुबिन आणि आयएनआर वाढलेले, म्हणजे यकृतही थकलेले. तिथे उजव्या कप्प्याचे मोजमाप स्कोअरपेक्षा जास्त सांगते. झडपेच्या प्रत्येक पेशंटचे दात ऑपरेशनआधी दाखवून घ्यावेत, किडलेला दात नव्या झडपेला महागात पडतो.

७ टक्के म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आईंसारख्या १०० बायकांचे ऑपरेशन केले तर साधारण ७ जणी हॉस्पिटलातून परत येत नाहीत, ९३ येतात. आई त्या कुठल्या गटात, हे कुठलाही स्कोअर सांगत नाही. शिवाय हा आकडा अनेक देशांच्या सरासरीचा आहे. तुमच्या हॉस्पिटलात अपेक्षित मृत्यूंच्या तुलनेत प्रत्यक्ष किती होतात, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. हिशेब ठेवणारे विभाग उत्तर देतात. जिवंत राहूनही काय होऊ शकते ते कळण्यासाठी अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जनांच्या संघटनेचा एसटीएस कॅल्क्युलेटर वापरावा. तो पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, २४ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर, छातीच्या हाडाचा खोल जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन आणि लांबलेला मुक्काम यांचे वेगवेगळे आकडे देतो. आईंच्या बाबतीत मी मृत्यूच्या आकड्याइतकेच लक्ष मूत्रपिंडाच्या आकड्याकडे देईन, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी तो विचारून घ्यायला सांगेन.

७ ची तुलना शून्याशी करू नका, ऑपरेशन न केल्यास काय याच्याशी करा. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात मधुमेह आणि अनेक नळ्यांत अडथळे असलेल्यांत पाच वर्षांत मृत्यू स्टेंटच्या गटात १६.३ टक्के, बायपासच्या गटात १०.९. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त, ५.२ विरुद्ध २.४. पण तिथल्या बहुतेकांचे ईएफ चांगले होते. ईएफ ३५ किंवा खाली असलेल्यांचा स्टिच अभ्यास दहा वर्षे चालला. त्यात फक्त औषधांवर ६६.१ टक्के दगावले, बायपास करून ५८.९. फायदा खरा आहे, पण तो वर्षांनी मिळतो आणि धोका पहिल्या महिन्यात पत्करावा लागतो. आईंना स्वतःला हे सांगून विचारले आहे का, की सगळे दाराबाहेर ठरते आहे?

शेवटची तांत्रिक गोष्ट. स्कोअर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, त्या दिवशीच्या रिपोर्टवर पुन्हा काढावा आणि भरलेल्या १८ रकान्यांचा प्रिंट फाइलला लावावा, म्हणजे कुणी काय धरले यावर वाद राहत नाही. त्यातही एक लक्षात ठेवा. उद्या आईंचे क्रिएटिनिन १.२ वरून १.६ झाले तर क्लिअरन्स ३६.८ वरून २७.६ वर येतो. दोन्ही ५० च्या खाली, म्हणून युरोस्कोअर २ जागचा हलत नाही, ७.२ च दाखवत राहतो. पण दोन दिवसांत एवढे चढलेले क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाला ताजी इजा. त्या दिवशी मी आकडा बघणार नाही. लघवी ताशी किती होते ते मोजायला सांगेन, आणि हृदय तेवढा वेळ देत असेल तर क्रिएटिनिन खाली वळेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलेन.